घोणसखिंडीचा मोडका टप्पा

एखादं मंडळ स्थापन झालं की दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक इतिवृत्तं, दुसरे किस्से. इतिवृत्तांना आमच्याकडची वाळवी वर्षा-दीड वर्षात गाठते. किश्शांना मात्र ती तोंड लावत नाही, त्यामुळे शेवटी तेच शिल्लक राहतात! 'घोणसखिंड उद्धारक मंडळा'चं दप्तर सध्या बापूसाहेबांच्या माळ्यावर आहे आणि माळ्यावरून कुरकुर ऐकू येऊ लागली आहे. तेव्हा जे शिल्लक राहणार आहे ते सांगून टाकतो.

आधी खिंड. सह्याद्रीच्या पायथ्याला आमच्या जिल्ह्यात निगुडकोंड नावाचं वीस-पंचवीस घरांचं गाव. माथ्यावर, घाटावरच्या बाजूला, वाघजाळी. मधे घोणसखिंड. पूर्वी पूर्णगडच्या खाडीतून मचवे आत यायचे. मीठ, नारळ, सुकी मासळी डोक्यावरून आणि बैलांवरून याच खिंडीनं वर जायची. मिरची, गूळ आणि घोंगड्या खाली यायच्या. कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पाण्याचं टाकं आहे, जकातीच्या चौकीचं जोतं आहे. मग दुसरीकडून मोटारीचा घाट झाला आणि खिंडीचा मान गेला. त्यात एका पावसाळ्यात माथ्याच्या जरा खाली पायऱ्यांचा एक टप्पा कोसळला. साडेपाच फुटांचं भगदाड! त्यावर निगुडकोंडच्या लोकांनी दोन ओंडके टाकले होते. सवयीची माणसं ओंडक्यांवरून जात, बाकीची देवाचं नाव घेऊन परत फिरत.

मी विलायतेत चार वर्षं भूगोल शिकून रत्नागिरीला आलो, हायस्कुलात मास्तर झालो आणि जिल्ह्याचा नवा नकाशा भिंतीवर लावला. पाहतो तर त्यात घोणसखिंड नाही! स्वतंत्र देशाच्या नकाशातून एक अख्खी खिंड गळते आणि कुणाला त्याचं काही नाही? त्या रात्री मला झोप आली नाही. आठवड्याभरात मंडळ स्थापन झालं.

*

पहिली सभा बापूसाहेबांच्या पडवीत भरली. बापूसाहेब महसूल खात्यातून निवृत्त झालेले. ते अध्यक्ष झाले, कारण सहा खुर्च्या त्यांच्याकडेच होत्या. इतिहासाची बाजू तात्यांनी घेतली. तात्या वकील होते, पण वकिली चालत नसल्यामुळे त्यांना इतिहासाला पुष्कळ वेळ देता येई. इस्माईलचाचा पूर्णगडचे, मचव्यांवरचे जुने तांडेल, सत्तरीचे. आणि खुर्ची देऊनही पायरीवरच बसलेला तो निगुडकोंडचा धोंडू. खिंड रोज वापरणारा मंडळातला एकमेव सभासद!

मी विचारलं, "बापूसाहेब, आपण खिंड पाहिली आहे ना?"

"पाहिली आहे म्हणजे काय! एकोणीस वर्षं पाहिली आहे."

"कधी गेला होता?"

"गेलो कशाला? फायलीत आहे ना ती!"

मग मी बोलायला उभा राहिलो. सह्याद्री कसा झाला, लाव्ह्याचे थर एकावर एक कसे बसले, पाण्यानं ते कसे कापले आणि कडा मागे मागे सरकत खिंड कशी तयार झाली, हे मी खडूनं पडवीच्या जमिनीवर काढून दाखवलं. पाऊण तास बोललो. बोलता बोलता माझा मलाच गहिवर आला. धोंडू माझ्याकडे एकटक बघत होता. अगदी शेवटच्या माणसापर्यंत ज्ञान पोचलं, या आनंदात मी त्याला विचारलं, "धोंडू, कळलं का?"

"कळला की वो मास्तर. डोंगर व्हायला कोटी कोटी वर्सं लागली."

"शाब्बास!"

"आनि टप्पा एका पावसात गेला. तो कवा करनार?"

धोंडूची मुलगी जनी त्याच वर्षी वाघजाळीला दिली होती. माहेर आणि सासर यांच्यामधे एक खिंड आणि दोन ओंडके. धोंडू मंडळात आला होता तो एवढ्याचसाठी. बापूसाहेबांनी त्याचा प्रश्न इतिवृत्तात 'आयत्या वेळचे विषय' या सदरात लिहून घेतला. पुढच्या प्रत्येक सभेत तो त्याच सदरात राहिला.

*

पहिली मोहीम निघाली ती बापूसाहेबांशिवाय. त्यांनी पडवीतून शुभेच्छा दिल्या.

धोंडूच्या हाताला धरून एकेक जण ओंडक्यांवरून गेलो आणि माथ्यावर पोचल्यावर तात्यांनी एकदम हात वर केला. सगळे थांबलो. समोर सपाट कातळात ओळीनं नऊ गोल खळगे होते, प्रत्येक खळगा परातीएवढा. तात्यांचा श्वास आधीच चढलेला, तो आणखी चढला.

"तोफा! मास्तर, इथे तोफा बसवल्या होत्या! नऊ तोफा! इथून खाली नेम धरला की शत्रूची मुंगीसुद्धा वर येणार नाही!"

मीही थरारलो. वहीत खळग्यांची मापं घेऊ लागलो. इस्माईलचाचा मात्र सरळ जाऊन मधल्या खळग्याशेजारी बसले आणि त्यात हात फिरवून म्हणाले, "हां. हाच माज्या बापाचा."

"तुमच्या वडिलांची तोफ?" तात्यांनी विचारलं.

"तोफ कसली, तात्या! सुकटीची पाटी. पाटीचा बूड गोल. हितं टेकवली का वाऱ्यान् हालत नाय, लवंडत नाय. हितं बसून आमची मानसा पानी पियाची, मग घाटावर उतरायची. नऊ पाट्यांचा जथा असायचा."

तात्यांचा चेहरा पडला. पण वकील तो वकीलच.

"चाचा, तुमचं राहू द्या. इतिहासाला सुकटीचा वास येऊन चालत नाही!"

"इतिहासाला नसंल," चाचा म्हणाले, "पन या वाटंला होता. काय सांगू तुमाला, आमच्यात एक आंदला म्हातारा होता. नुसत्या वासावर खालसून वर यायचा आनि जायचा. एकदाच चुकला."

"कधी?"

"सरदी झाली तवा."

मंडळाच्या अहवालात मात्र ते खळगे 'तोफांची ठाणी (वादग्रस्त)' असेच नोंदले आहेत. कंस माझा. त्या कंसासाठी मी तात्यांशी दोन सभा भांडलो.

*

उंचीचं प्रकरण माझ्या अंगावर आलं.

खिंडीची उंची कुठेच नोंदलेली नव्हती. मी धोंडूला विचारलं तर तो म्हणाला, "सात इसावं." म्हणजे चढताना सात वेळा ओझं उतरवून विसावा घ्यायचा.

"आणि उतरताना?"

"रिकामा आसला तर तीन."

"अरे, पण उंची तीच ना? चढताना सात आणि उतरताना तीन, असं कसं होईल?"

"मास्तर, तुमी कदी मिठाची गोण घेऊन चढलाव?"

असल्या अडाणी मोजमापांनी देशाचं नुकसान झालं आहे, असं मी त्याला समजावून सांगितलं. मग विलायतेहून आणलेलं हवेच्या दाबावरून उंची सांगणारं यंत्र काढलं. पितळेची सुंदर डबी. निगुडकोंडात काटा लावला, माथ्यावर वाचला: एकोणीसशे फूट! मी आकडा सर्वांना मोठ्यानं वाचून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सकाळपासून भरलेलं आभाळ दुपारी निवळलं. संध्याकाळी खाली उतरलो आणि ताळा म्हणून पुन्हा काटा पाहिला. तर उतरण निघाली बावीसशे फुटांची!

हवा बदलली की दाब बदलतो, हे मला ठाऊक होतं. त्याची दुरुस्ती कशी करायची तेही ठाऊक होतं. पण ते समजावून सांगेपर्यंत धोंडूनं डबी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि अदबीनं परत दिली.

"वाईट वाटून घेव नुका, मास्तर. उतरताना ओझा घेतला आसल हिनं."

*

आता सांगतो तो किस्सा सांगताना मला अजून शरम वाटते. त्या कागदावर माझीही सही आहे.

आम्ही वर अर्ज केला होता: घोणसखिंड नकाशात घ्यावी आणि तिची दुरुस्ती व्हावी. चार महिन्यांनी कचेरीचं उत्तर आलं. बापूसाहेबांनी सभा बोलावली, चष्मा पुसला आणि पत्र वाचलं. "घोणसखिंड या नावाची खिंड दप्तरी आढळत नाही. तथापि वाघजाळीकडून खाली येणारी 'सुकटवाट' या नावाची वाट घाटावरील दप्तरी असून तिची दुरुस्ती विचाराधीन आहे. आपल्या खिंडीचा सदर वाटेशी काही संबंध असल्यास त्वरित कळवावे."

तीच वाट! आपण जिला घोणसखिंड म्हणतो तिला घाटावरची माणसं सुकटवाट म्हणतात, कारण त्यांच्याकडे तिथून सुकट येते. 'होय' एवढा एक शब्द लिहायचा होता.

तात्या ताडकन उठले. "सुकटवाट? ज्या खिंडीतून घोडदळं गेली तिला सुकटवाट? उद्या आमच्या किल्ल्यांना बोंबीलगड म्हणाल!"

"नावात काय आहे, तात्या," मी म्हणालो, पण अर्ध्याच आवाजात. कारण खरं सांगायचं तर मलाही ते नाव आवडलं नव्हतं. माझा एक लेख तयार होता, 'घोणसखिंड: एक भूशास्त्रीय चिंतन'. त्याला सुकटवाटेचं चिंतन कोण म्हणणार?

चाचा म्हणाले, "माजं ऐका. सुकट म्हना, बांगडा म्हना, पन होय म्हना."

धोंडू म्हणाला, "जनीला दिवस गेल्यात वो. पयला बाळंतपण माहेरी होतां. ओंडक्यावरनं सासरची मानसां तिला सोडनार नायत. होय म्हना."

बापूसाहेबांनी मत घेतलं. खुर्चीवर बसलेले तिघे एका बाजूला, चाचा आणि पायरीवरचा धोंडू दुसऱ्या. उत्तर गेलं: "सुकटवाट नावाच्या कोणत्याही वाटेशी आमच्या ऐतिहासिक खिंडीचा तिळमात्र संबंध नाही."

दुरुस्ती झाली. उत्तम झाली. घाटावरच्या खात्यानं वाघजाळीपासून माथ्यापर्यंत वाट अशी बांधून काढली की काय सांगू! माथ्यावर त्यांची हद्द संपते. तिथून खाली दोनशे पावलांवर भगदाड.

*

मग मी ठरवलं, सरकारच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. श्रमदान! रत्नागिरीतून चाळीस माणसं जमवली. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. फावडी नवी कोरी. एका दुकानदारानं ती उसनी दिली होती आणि चरा न पडता परत आणण्याची अट घातली होती.

मी भगदाडाजवळच्या दगडावर उभा राहून भाषण केलं. "हे भगदाड डोंगरात नाही, आपल्या मनात आहे!"

धोंडू मागून म्हणाला, "तसा आसता तर मी लांब टांग टाकली आसती."

भाषण झालं, फोटो झाला, आणि पहिलं फावडं उचललं तोच झाडीतून जंगल खात्याचा गार्ड बाहेर आला. सभ्य माणूस. त्यानं आधी सर्वांना नमस्कार केला.

"झाड तोडता येणार नाही. सरकारी आहे."

"बरं, नाही तोडत. दगड रचतो."

"दगडसुद्धा सरकारीच. इथला हलवायचा तर परवाना लागतो."

"मग माती?"

"माती दगडाखालीच आहे, साहेब."

मी भडकलो. "म्हणजे झाड सरकारी, दगड सरकारी, माती सरकारी. मग लोकांचं काय आहे इथे?"

गार्डानं चारी बाजूंना नीट पाहिलं. माणूस प्रामाणिक होता.

"खड्डा," तो म्हणाला.

चाळीस माणसं तिथे बसून दशम्या खाऊन परत आली. फावड्यांना एक चरा पडला नाही.

*

शिमगा झाला आणि एक दिवस खरोखरच पाहणीचा हुकूम निघाला. ओव्हरसियर साहेब स्वतः येऊन दोन गोष्टी बघणार होते: वाट वापरात आहे काय, आणि कुठे मोडली आहे काय. दोन्हींचं उत्तर 'होय' आलं की काम मंजूर. मी धोंडूला निरोप पाठवला, "साहेब येतायत. तयारी नीट ठेव."

तयारी! निगुडकोंडानं आयुष्यात पहिल्यांदा साहेब पाहायचा होता. चार दिवस गाव राबला. पायऱ्या झाडल्या, खालच्या विसाव्याला शेण सारवून रांगोळी घातली. आणि गावात दवंडी दिली की साहेबांच्या वाटेत कुणी आडवं जायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, पाट्या घेऊन कुणी फिरायचं नाही. मोठा माणूस येतो तेव्हा वाट मोकळी करून द्यायची, ही त्या गावची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

साहेब आले. बारीक, तरुण, नवीनच नोकरीला लागलेले. बरोबर मी आणि धोंडू. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही चढत होतो आणि वाटेवर चिटपाखरू नाही! मी घामानं नव्हे, भीतीनं भिजलो. रोज पन्नास माणसं जातात त्या वाटेवर आज कावळासुद्धा नव्हता.

एका वळणावर साहेब थबकले. "हा वास कसला?"

करवंदीच्या जाळीमागे मासळीवाल्या बायका पाट्यांसकट दडून बसल्या होत्या. एकीच्या कपाळावर घाम आणि ओठांवर बोट, एवढं मला दिसलं.

"आहेत ना! माणसं आहेत!" मी ओरडलो. "या, या, बाहेर या!"

कुणी हललं नाही. धोंडूनं माझा दंड दाबला आणि साहेबांना हात जोडून सांगितलं, "काय नाय साहेब, डोंगराचा वास हाय. तुमी चला."

भगदाड पुढच्या वळणावर राहिलं होतं. तिथेच साहेबांची नजर कड्याखाली गेली. ते मटकन खाली बसले. खाली आठशे फूट दरी. धोंडूला त्यांची दया आली.

"डोळे मिटा साहेब. गच्च मिटा. मी सांगितल्याबगर उघडू नुका." असं म्हणून त्यानं साहेबांना पाठुंगळी घेतलं आणि दोन ओंडक्यांवरून लहान मुलासारखं पलीकडे नेलं. माथ्यापर्यंत खाली ठेवलं नाही. तिथे त्यांना शहाळं दिलं आणि उतरतानाही तसंच डोळे मिटवून आणलं. साहेबांचे डोळे पाणावले. आईनंही आपली इतकी काळजी घेतली नव्हती, असं ते मला म्हणाले.

अहवाल महिन्याभरात आला. साहेबांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

"वाहतूक: शून्य. मोडलेला भाग: प्रत्यक्ष दिसून आला नाही. वाट अत्यंत स्वच्छ आहे."

*

त्यानंतर मंडळ खचलं. मीही खचलो. जनीला सहावा लागला होता. मोटारीनं खाली यायचं तर दुसऱ्या घाटानं दीड दिवसाचे धक्के. सुईणीनं साफ नाही सांगितलं होतं. ओंडक्यांवरून सोडायला सासू तयार नव्हती. पाठुंगळी न्यायची तर ती साहेब नव्हती, पोटुशी होती. पावसाळा लागला की खिंड चार महिने बंद. धोंडू सभेला यायचा, पायरीवर बसायचा, पण आता 'कवा करनार' हेही विचारायचा नाही.

अशा सभेत बापूसाहेबांनी तोडगा काढला. "रस्ता होत नाही, मान्य. पण स्मारक तर होईल! खिंडीत एक शिला उभारू. इतिहास, भूगोल, मंडळाची कामगिरी, सगळं कोरून."

तात्यांनी टाळी दिली. मी त्या दिवशी निषेध करायला हवा होता. पण 'दोन ओळी भूगोलाच्या' म्हटल्याबरोबर माझ्या मनात मजकूर तयार व्हायला लागला! शहरातल्या पाथरवटाकडे काळ्या दगडाचं काम सांगितलं. वर महाराजांच्या घोडदळाचा उल्लेख, मधे लाव्ह्याचे थर, खाली आम्हा सभासदांची नावं. चाचा म्हणाले, "माजा नाव नको. दगडावर नाव बगितला का मला कबर आठवते." तरी तात्यांनी घातलंच. धोंडूच्या नावाला जागा उरली नाही. ते त्याला सांगायचं काम माझ्यावर आलं.

"धोंडू, वाईट वाटून घेऊ नकोस. जागा पुरली नाही."

"नाय तर नाय. दगड लांब किती हाय?"

"सहा फूट."

"आनि जाड?"

"तीन इंच."

धोंडू विचारात पडला. "मास्तर, आठ फूट करा. आनि जाडी चांगली ईतभर. लांबनं दिसाया पायजे ना! पावसात टिकाया पायजे!"

मला भरून आलं. ज्याचं नावसुद्धा नाही, त्या माणसाला खिंडीच्या स्मारकाची एवढी आस्था! मी सभेत उभा राहून सांगितलं की जनतेत इतिहासाची जाणीव जागी होते ती अशी. बापूसाहेबांनी टिपून घेतलं. दगड आठ फुटांचा ठरला. धोंडू तीनदा पाथरवटाकडे जाऊन हातानं मापून आला. वर, शिला माथ्यावर पोचवायचं काम निगुडकोंड बिनतक्रार करील, असंही त्यानं सांगितलं. वैशाखात चोवीस माणसांनी ती बांबूंना बांधून नेली. आम्ही मागाहून अनावरणाला जाणार होतो.

त्या दिवशी बापूसाहेब डोलीत बसून आयुष्यात पहिल्यांदा घोणसखिंड चढले. त्यांच्या मांडीवर हार होता. तात्यांच्या खिशात भाषण, माझ्याही खिशात भाषण. चाचा काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. माथ्याच्या अलीकडे दोनशे पावलांवर चाचा थांबले आणि हसायला लागले. इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

भगदाड नव्हतं. ओंडकेही नव्हते. या काठापासून त्या काठापर्यंत आमची काळी शिला आडवी पडली होती. दोन्ही टोकांना दगडांचे खुंटे मारून अशी पक्की बसवलेली की केस शिरणार नाही. पलीकडच्या कड्याला सावलीत जनी बसली होती, हातभर हिरव्या बांगड्या, मांडीवर कैरीच्या फोडी. शेजारी तिचा दीर. आणि त्यांच्यापलीकडे एक म्हैस निवांत रवंथ करत उभी. धोंडू शिलेच्या तोंडाशी उभा होता.

बापूसाहेब डोलीतून उतरले. हार सावरत ते शिलेवर वाकले.

"अक्षरं... अक्षरं कुठे आहेत?"

"खालच्या अंगाला, बापूसाहेब. थोरामोठ्यांची नावां. पाय कसा देवाचा तेंच्यावर? म्हनून पालथी घातली."

"अरे, पण मग ती दिसणार कुणाला?"

धोंडूनं वाकून आठशे फूट खाली दरीत बोट दाखवलं. "थितनं ब्येस दिसत्यात."

तात्यांनी दरीत डोकावून पाहिलं. बापूसाहेबांनी हार डोलीत ठेवला. त्यांनी शिलेकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, जनीकडे पाहिलं.

"अनावरण माझ्या हस्ते होतं ना रे, धोंडू?"

"हातान् कसा होईल वो? हां पायान् करायचा काम. पयली म्हस घातली. ती गेली. मंग जनी चार पावलां चालून परत गेली, म्हनाली हालत नाय." धोंडूनं धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि शिलेवर पाय रोवून हात पुढे केला. "आता तुमी या."